विहीर आणि बोअरचं पुनर्भरण: बेसॉल्टच्या मुलखात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

छपरावरचं किंवा शेतातून वाहणारं पाणी पाइप लावून बोअरमध्ये सोडलं की पुनर्भरण झालं, ही समजूत सर्रास आढळते. असं सोडलेलं गढूळ पाणी एक-दोन पावसाळ्यांतच खडकाच्या भेगा बुजवतं. शे-दीडशे फुटांवर भेगेत बसलेला चिकण गाळ मग कॉम्प्रेसर लावूनही पुरता निघत नाही. म्हणून पहिला नियम असा, की जमिनीत जाणारं पाणी नितळ हवं. कमी गेलं तरी चालेल, पण गढूळ अजिबात नको.

आधी आपला खडक बघा

महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी, म्हणजे बेसॉल्टने व्यापलेला आहे. मे महिन्यात शेजारच्या, न बांधलेल्या एखाद्या विहिरीत डोकावून पाहा. वरती माती, खाली मुरूम, त्याखाली भोकाभोकांचा किंवा फुटलेला खडक, म्हणजे मांजऱ्या, आणि मग काळा पाषाण असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. अखंड काळ्या पाषाणात पाणी साठत नाही. ते मुरमात, मांजऱ्यात आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यात असतं. झरे कोणत्या पातळीवर ओल धरून आहेत ते नीट पाहून लिहून ठेवा. पाणी आत घालायचं तेही त्याच थरात.

झिजलेल्या बेसॉल्टमधून मिळू शकणारं पाणी त्याच्या घनफळाच्या साधारण १ ते ३ टक्केच असतं. म्हणजे एक घनमीटर मुरमातून १० ते ३० लिटर. त्यामुळेच आपल्याकडच्या विहिरी दोन चांगल्या पावसांत तुडुंब भरतात आणि फेब्रुवारीत तळ दाखवतात. खडकाची साठवण मुळात लहान आहे, पुनर्भरणाने ती मोठी होत नाही. ती पुन्हा पुन्हा भरली जाते आणि पावसाळ्यानंतरचे काही आठवडे जास्त पाणी टिकतं. एवढी अपेक्षा ठेवली तर निराशा होत नाही.

तापी-पूर्णेच्या खोऱ्यातला जाड गाळाचा प्रदेश, अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाणपट्टा, कोकणातला जांभा आणि पूर्व विदर्भातले जुने खडक यांची गणितं वेगळी आहेत. खालची मापं बेसॉल्टसाठी आहेत.

नवा बोअर घेत असाल तर गाडीवाल्याला सांगा की खोदताना निघणारा दर १० फुटांचा कच वेगवेगळ्या पिशवीत काढून ठेव. पाणी किती फुटांवर लागलं, केसिंग (बोअरच्या वरच्या भागात घातलेली नळी) किती फूट गेलं आणि कुठे तांबडा थर लागला, हे सगळं पिशवीवर लिहून ठेवा. बोअर बंद पडल्यावर या माहितीसारखी उपयोगी दुसरी गोष्ट नसते.

बोअर पाणी घेतो का, ते आधी तपासा

साडेसहा इंची बोअरच्या एका मीटरात जेमतेम २१ लिटर पाणी मावतं. ६० मीटरचा बोअर काठोकाठ भरला तरी साठा १,३०० लिटरच्या आत. म्हणजे बोअर ही टाकी नव्हे. पाणी मुरतं ते भेगांत. भेगाच नसतील तर पुनर्भरणाचा खर्च वाया जातो.

चाचणी सोपी आहे. पंप रात्रभर बंद ठेवा. सकाळी वजन बांधलेली मोजपट्टी सोडून पाण्याची पातळी घ्या. मग १,००० लिटरच्या टाकीतलं स्वच्छ पाणी एक इंची नळीने केसिंगमधून सोडा आणि दर १० मिनिटांनी पातळी लिहा. पाणी संपल्यावर तासाभरात पातळी मूळ जागेच्या जवळ आली तर बोअर पाणी घेतो. पातळी वर चढून तिथेच अडून राहिली तर त्या बोअरवर पैसे घालू नका. तेच पाणी विहिरीकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवा. चाचणी मार्च ते मे दरम्यान करा. ऑगस्टमध्ये खडक भरलेला असतो, तेव्हा चांगला बोअरही पाणी नाकारतो.

मोजपट्टी सोडताना ती पंपाच्या केबलला किंवा दोरीला गुंडाळली जाते, ही नेहमीची कटकट आहे. केसिंगमध्ये अर्धा इंची पीव्हीसी नळी पंपाच्या थोडी वरपर्यंत कायमची सोडून ठेवली आणि तिचं खालचं टोक उघडं ठेवलं, तर पट्टी सरळ जाते.

किती पाणी येईल

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटरच्या स्लॅबवर वर्षाला ७०० मिमी पाऊस पडला तर ७०,००० लिटर. उडणारं, भिजण्यात जाणारं आणि सुरुवातीला सोडून द्यायचं पाणी वजा जाता ८० टक्के, म्हणजे ५६,००० लिटर हाती येतं. शेताचं माप वेगळं: एका एकरावर २५ मिमीचा एक जोरदार पाऊस म्हणजे सुमारे १ लाख लिटर. त्यातलं किती वाहतं हे उतारावर, मातीवर आणि बांधावर ठरतं.

छपराचं पाणी बोअरला जोडण्याची रीत

पहिलं काम छप्पर झाडण्याचं. पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा आणि जुन्या रंगाचे पापुद्रे मेअखेरीस काढून टाका. पन्हळीच्या तोंडाशी जाळी बसवा.

खाली उतरणाऱ्या पाइपला, फिल्टरच्या आधी, टी लावून व्हॉल्व्ह बसवा. हंगामाच्या सुरुवातीचं आणि मोठ्या खंडानंतरचं पहिलं २ मिमी पाणी तिथून बाहेर सोडायचं. १०० चौरस मीटरला ते २०० लिटर होतं. बाजारात यासाठी उभ्या पाइपचं तयार उपकरण मिळतं. पण चार इंची पाइपच्या एका मीटरात नऊ लिटरही पाणी मावत नाही, त्यामुळे मोठ्या छपराला ते पुरत नाही. साधा व्हॉल्व्ह आणि तो वेळेवर फिरवणारा माणूस हेच खात्रीचं.

फिल्टरसाठी २०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम चालतो, पण त्याला ५० चौरस मीटरपेक्षा जास्त छप्पर जोडू नका. ड्रमचा आडवा छेद पाव चौरस मीटरच असतो आणि वाळूतून तासाला हजार-दीड हजार लिटरहून जास्त पाणी उतरत नाही. १०० चौरस मीटरला १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल अशी विटांची टाकी बांधा. त्यात तळापासून वर:

- ३० सेंमी ४० मिमीची खडी
- २० सेंमी १० मिमीची खडी
- नायलॉन जाळीचे दोन थर, कडा भिंतीवर चार बोटं वर दुमडलेल्या
- ३० सेंमी जाड वाळू

वर ४० सेंमी जागा मोकळी हवी. जोराच्या सरीत पाणी तिथे थोडं थांबतं. या मोकळ्या जागेच्या वरच्या अंगाला ओव्हरफ्लोचा पाइप काढा आणि तो घरापासून दूर सोडा. पाणी वाळूवर सरळ आदळू नये म्हणून तोंडाखाली एक फरशी ठेवा, नाहीतर वाळूत खड्डा पडून पाणी न गाळताच खाली जातं.

खडी आणि वाळू धुऊनच भरायची. हाताच्या ओंजळीत वाळू घेऊन बादलीत ढवळा. पाणी गढूळलं तर अजून धुवायची आहे. क्रशरचा कच वाळूऐवजी वापरू नका. त्यातली बारीक पूड महिन्याभरात सिमेंटसारखी बसते आणि पाणी अडतं.

फिल्टरच्या तळातून ६३ मिमीचा पाइप बोअरच्या टोपणातून आत घ्या आणि एल्बो लावून केसिंगमध्ये किमान १ मीटर खाली सोडा. पाण्याची धार केबलवर पडू देऊ नका. टोपणाला हवा जाण्यासाठी एक लहान नळी ठेवा आणि तिच्या तोंडाला जाळी बांधा. हवेला वाट नसली तर पाणी गुळगुळ करत परत येतं आणि फिल्टर तुंबला असा गैरसमज होतो.

दर पावसाळ्याआधी वाळूचा वरचा ५ सेंमी थर खरवडून बदला. हंगामात पाणी उतरायला नेहमीपेक्षा वेळ लागू लागला तर मध्येच बदला. पावसाळा संपल्यावर पंप अर्धा तास चालवून पाणी पांढऱ्या बादलीत बघा. गढूळ असेल तर जाळी फाटली आहे किंवा वाळू बाजूने उतरली आहे.

शेतातल्या विहिरीसाठी

शेतातलं पाणी माती घेऊन येतं, त्यामुळे इथे दोन खड्डे लागतात. पहिला गाळ बसण्यासाठी: १.५ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर खोल. दुसरा गाळणीचा: २ मीटर लांब, १.५ मीटर रुंद, २ मीटर खोल, विहिरीच्या काठापासून किमान २ ते ३ मीटर दूर. त्याहून जवळ खणला तर पावसात काठ ढासळतो.

जागा निवडताना पहिल्या मोठ्या पावसात शेतात उभं राहून पाणी कुठून वाहतं ते पाहा. ओघळ मुळात विहिरीच्या वरच्या अंगाने येत असेल तरच हे काम सोपं. खालून पाणी वळवण्यासाठी चर खणत बसू नका.

ओघळीतून पाणी पहिल्या खड्ड्यात येतं आणि वरच्या कडेने, ६ इंची पाइपमधून किंवा दगडी सांडीवरून दुसऱ्यात जातं. पहिल्या खड्ड्याच्या तळातून पाइप काढू नका, बसलेला गाळ सगळा पुढे जातो. दुसऱ्या खड्ड्यात तळापासून ४० सेंमी दगडगोटे, ३० सेंमी मोठी खडी, ३० सेंमी बारीक खडी, जाळी आणि ४० सेंमी जाड वाळू भरा. दगडगोट्यांच्या थरातून चार इंची पाइप विहिरीकडे उतार देऊन न्या. त्याच्या खड्ड्यातल्या टोकाला भोकं पाडून जाळी गुंडाळा. विहिरीत पाइप किमान एक-दीड फूट पुढे काढा. भिंतीला लागूनच तोंड ठेवलं तर पाणी भिंतीवरून ओघळतं, सांध्यांतली माती निघते आणि दोन-तीन वर्षांत बांधकाम सुटतं.

भरलेल्या खड्ड्याचं घनफळ ६ घनमीटर दिसलं तरी दगड-वाळूमधल्या पोकळीत दोन हजार लिटरच्या आसपास पाणी मावतं. म्हणून फार मोठा ओघळ या खड्ड्यावर घेऊ नका; जास्तीचं पाणी आपोआप बाजूने निघून जाईल अशी सांड आधी ठरवा. सांड नसलेला खड्डा पहिल्याच ढगफुटीसारख्या पावसात गाळाने भरलेला सापडतो.

काळ्या जमिनीचं पाणी सर्वांत त्रासदायक. त्यातली चिकण माती तासन्‌तास तरंगत राहते आणि वाळूतूनही निसटते. तिथे बांधाच्या कडेने दोन-तीन मीटर रुंद गवताचा पट्टा राखा आणि पहिले दोन-तीन पाऊस विहिरीत घेऊच नका. पेरणीनंतर, खत टाकल्यावर किंवा फवारणी झाल्यावरचं पाणीही बंद ठेवा. यासाठी पहिल्या खड्ड्याच्या तोंडाला लाकडी फळीची झडप पुरते.

ज्या विहिरीचं पाणी प्यायला वापरतात, तिच्यात शेताचं पाणी घेऊ नये. फक्त छपराचं घ्या. त्यानंतर विहीर निर्जंतुक करा: दर १,००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ५ मीटर पाणी असेल तर ते १ लाख ४१ हजार लिटर, म्हणजे सुमारे ३५० ग्रॅम पावडर. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत मिसळा आणि तासभर थांबा. तळाचा चुना विहिरीत टाकू नका, त्याने पाण्याचा जडपणा वाढतो.

केसिंगला भोकं पाडून खड्डा करण्याची पद्धत

बोअरभोवती २ मीटर लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन, केसिंगच्या खालच्या दीड मीटरला ४-५ मिमीची भोकं पाडून, त्यावर नायलॉन जाळी गुंडाळून दगड-खडी-वाळू भरण्याची रीत बऱ्याच गावांत आहे. ती चालते, पण आमची पसंती बाजूच्या फिल्टरलाच आहे. जाळी फाटली की सगळा खड्डा उपसावा लागतो, आणि तोवर गाळ बोअरमध्ये गेलेला असतो.

हीच पद्धत करायची ठरली, तर भोकं पाडण्याआधी पंप, केबल आणि पाइप बाहेर काढा. ड्रिलचं टोक केबलच्या आवरणाला लागलं तर पंप जळतो, आणि पीव्हीसीचे तुकडे पंपावर पडून तो अडकतो. केसिंग पाषाणात पक्कं बसलेलं नसेल तर अशा खड्ड्याने ते हलतं आणि मुरूम आत ढासळतो. १५-२० फूट केसिंगचा जुना बोअर असेल तर या पद्धतीच्या वाटेला जाऊ नका.

जमिनीत कधीच सोडू नये असं पाणी

कोरडा गेलेला बोअर संडासच्या टाकीला जोडणं, हा अपराध शहरांच्या कडेला सर्रास होतो. मातीतून मुरताना पाणी काही प्रमाणात शुद्ध होतं. बोअरमधून ते थेट भेगेत जातं आणि शेजारच्या पिण्याच्या बोअरमध्ये उतरतं. मोरीचं, गोठ्याचं, गाड्या धुण्याचं पाणी कधीही बोअरला नको. ते शोषखड्ड्यात, झाडांना किंवा परसबागेला द्या. संडासचा खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला ठेवा. भेगाळ खडकात तेवढंही अंतर पुरेसं नसतं, जागा असेल तर दुप्पट ठेवा.

पिण्याच्या पाण्याची तपासणी वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये करून घ्या. भारतीय मानकांनुसार नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत, फ्लोराइड १ मिलिग्रॅमच्या आत (दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत) आणि विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमच्या आत हवेत. नायट्रेट वाढलं तर युरिया किंवा सांडपाणी आत शिरतंय हे समजा. फ्लोराइड खडकातूनच येतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढतं.

भरलेलं पाणी राखायचं तर उपशाचा हिशेब

भूजल उपसण्यात भारत जगात पहिला आहे, आणि त्यातला बहुतांश उपसा शेतीसाठी होतो. त्यामुळे एका शेतकऱ्याने केलेलं पुनर्भरण शेजारच्या पंपातून निघून जाणं अगदी नेहमीचं. यावर तोडगा एकट्याने निघत नाही, पण स्वतःचा हिशेब तरी एकट्याला ठेवता येतो.

पंपाचा विसर्ग: २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८,००० लिटर. विहिरीचा साठा: ६ मीटर व्यासाला दर मीटर पाण्यामागे सुमारे २८,००० लिटर. झऱ्यांची आवक: पंप बंद करून एका तासात पाणी किती चढलं ते मोजा, ३० सेंमी चढलं तर तासाला साडेआठ हजार लिटर. हे तीन आकडे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेमध्ये वहीत उतरवा. आवक ज्या महिन्यात निम्म्यावर येते, त्या महिन्यानंतर उभं राहणारं पीक त्या विहिरीवर धरू नका.

पिकाची निवड इथेच ठरते. एकरभर हरभऱ्याला २५० मिमी पाणी म्हणजे १० लाख लिटर लागतं. मोकाट पाण्यावरच्या उसाला २,००० मिमी धरलं तर ८० लाख लिटर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने पावसाच्या मोजणीवर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, शेतीसाठी बोअर घेणं आणि ऊस-केळी लावणं बंद केलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंतची मृदा-जलसंधारणाची कामं पुष्कळ गावांत झाली. ती टिकली ती उपशावर एकमत झालं तिथे.

प्लॅस्टिक अस्तराचं शेततळं विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरणं ही आज मोठी चिंतेची बाब आहे. जमिनीखाली झाकलेलं पाणी उन्हात आणून ठेवायचं, असा तो प्रकार. एप्रिल-मेमध्ये कोरड्या भागात रोज ८ मिमी पाणी उडतं असं धरलं तरी ३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून दिवसाला ७,२०० लिटर जातं. शेततळं वाहत्या पावसाच्या पाण्याने भरा.

नाला खोलीकरणातही अशीच चूक होते. गाळ काढणं उपयोगाचं. पण मुरूम आणि मांजऱ्या खरवडून पाषाणापर्यंत गेलं की आजूबाजूच्या शेतांतलं साठलेलं पाणी नाल्यात झिरपून निघून जातं. काठाच्या विहिरी त्या वर्षी लवकर आटतात. यंत्र लावण्याआधी दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डा घेऊन पाहा आणि ३ मीटरच्या खाली जाऊ नका.

नव्या बोअरचा विचार असेल तर महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ बघा: ६० मीटरहून खोल विहिरींवर आणि सार्वजनिक पाणी स्रोताच्या ५०० मीटर परिसरातल्या नव्या विहिरींवर बंधनं आहेत. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात आपल्या पाणलोटाची स्थिती विचारता येते. तिच्या निरीक्षण विहिरींची पातळीही तिथे कळते, ती आपल्या वहीतल्या नोंदींशी ताडून पाहा.

बंद पडलेला बोअर

केसिंग काढून विकण्याचा मोह टाळा. केसिंग काढलं की तोंड ढासळतं, पावसाचं घाण पाणी सरळ आत जातं आणि लहान मूल पडण्याचा धोका असतो. बोअर पुढे कधी पुनर्भरणाला वापरायचा असेल तर वर बोल्ट-नटचं लोखंडी टोपण घट्ट बसवा, भोवती ५० सेंमी लांबी-रुंदीचा काँक्रीटचा ओटा बाहेरच्या बाजूला उतार देऊन घाला आणि बोअरची खोली त्यावर रंगाने लिहा. अजिबात वापर नसेल तर तळापासून स्वच्छ खडी आणि मुरूम भरत या, वरच्या ३ मीटरात चिकण माती ओली करून ठासा आणि शेवटचा अर्धा मीटर काँक्रीटने बंद करा. भरताना कचरा, जुनी पोती किंवा बांधकामाचा राडारोडा टाकू नका. महिन्याभराने भराव खाली बसला का ते पाहा आणि बसला असेल तर तेवढी माती पुन्हा ठासा.